सात हालीचे सहा कलदार

मार्गदर्शक प्राध्यापकाने संशोधक विद्यार्थिनीला घेऊन दुसऱ्याच्या साखरपुड्याला जावं, असा विद्यापीठाचा नियम नाही. जाऊ नये असाही नाही. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि आफी नागपूरहून कोरपन्याला निघालो.

आफी घाना देशाची. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला पाण्याची बाटली मागायलाही माझी मदत लागायची. आता ती सक्करदऱ्यात भाजीवाल्याशी ‘मले नाई परवडत’ म्हणून भांडते आणि जिंकते. तिचा प्रबंध माझ्याकडे आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या शेजारी देशांनी एकच चलन वापरावं का, हा विषय. त्यातल्या काही देशांवर इंग्रजांचं राज्य होतं, काहींवर फ्रेंचांचं. राज्यं गेली, पण पैसे वेगवेगळेच राहिले. घानात सेडी चालतो आणि शेजारच्या टोगोत सेफा. सगळ्यांचा मिळून ‘इको’ नावाचा एक पैसा आणायचा, असं पुष्कळ वर्षं चाललंय. तारीख जाहीर होते आणि पुढं ढकलली जाते.

आफीची पाच प्रकरणं झाली होती. एकच पैसा सगळ्यांच्या फायद्याचा, हे तिने नीट मांडलं होतं. सहावं प्रकरण शिफारशींचं, ते चार महिने अडलं होतं आणि महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता. का अडलं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. आफीची आई घाना-टोगोच्या सीमेवर छत्रीखाली लाकडी स्टुलावर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सेडीचे सेफा, सेफाचे सेडी बदलून देते. त्याच कमाईवर आफी शिकली, त्यावरच विमानात बसली. इको आला की स्टूल उठलं. म्हणजे सहाव्या प्रकरणात आईचं स्टूल उचलून टाकावं असं लिहायचं होतं, तेही तळटिपांसकट.

अशात मंगेशचा फोन आला. मंगेश माझा जुना विद्यार्थी, आता कोरपन्याजवळ शाळेत शिकवतो. म्हणाला, “मॅडम, माया चुलतबहिणीचा साखरपुडा हाय. आमच्या घाटावर अजून हालीनं सोयरीक जुळते. तुमच्या घानावाल्या मॅडमले घेऊन या ना.”

हाली म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. कोरपन्याजवळून पैनगंगा वाहते. नदीच्या या काठाला निजामाचं राज्य होतं आणि निजामाचा स्वतःचा रुपया होता, त्याला हाली म्हणत. पलीकडं वऱ्हाड, कारभार इंग्रजांचा, रुपया कलदार. दोन्ही काठांवर तेच मासे धरणारे ढिवर, तीच जाळी, एकमेकांत सोयरिकी. फक्त पैसा वेगळा. सात हालींना सहा कलदार असा भाव.

पहिला दिवस : नागपूर ते ऊर्जानगर

सकाळची एसटी घ्यावी. बायकांना अर्धं तिकीट आहे. आफीला पाहून कंडक्टर क्षणभर थबकला, मग ‘बाई तं हाये’ असं पुटपुटत अर्धंच फाडलं. वरोरा, भद्रावती करत साडेतीन तासांत चंद्रपूर. रस्ता चांगला आहे. वरोऱ्याला दहा मिनिटं गाडी थांबते तेव्हा तर्रीपोहे खाऊन घ्यावेत, तीस रुपये प्लेट. आफीने तर्री दोनदा मागून घेतली.

मुक्काम ऊर्जानगरला, माझ्या मावसबहिणीच्या क्वार्टरमध्ये. वीज केंद्राची वसाहत म्हणजे एकसारख्या इमारती, एकसारख्या गुलमोहरांच्या रांगा आणि मागं सतत धूर काढणाऱ्या चिमण्या. पाळी सुटली की कंपनीच्या बसगाड्या आणि दुचाक्या एकदम रस्त्यावर येतात. तेवढी पंधरा मिनिटं रस्ता ओलांडू नये. ज्यांचे नातेवाईक इथं नाहीत त्यांनी चंद्रपूर बसस्थानकाजवळ लॉज पाहावं, आठशे-हजारात बरी खोली मिळते.

बहिणीने जेवायला भात, वरण, वांगी आणि सुक्या झिंग्यांची चटणी केली होती. आफीने पहिला घास घेतला आणि हात थांबवला. मला वाटलं तिखट लागलं.

“हे आमच्या घरचं हाय,” ती म्हणाली. “माझी आई सेम करते.”

बहिणीने तिच्या ताटात आणखी दोन चमचे वाढले.

दुसरा दिवस : कोरपना आणि घाट

बल्लारपूरच्या पुढं वर्धा नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला की राजुरा, म्हणजे जुनं निजामाचं राज्य. आज काही कळत नाही. तीच दुकानं, तेच बॅनर. गडचांदूरपासून सिमेंटचे ट्रक सुरू होतात आणि रस्त्याकडेची झाडं राखाडी होतात. खिडकीजवळ बसणाऱ्यांनी ओढणी सोबत ठेवावी. मधेच कापसाने भरलेला एखादा ट्रॅक्टर संथपणे पुढं असतो आणि आपली एसटी त्याच्या मागं. कापूस वेचणीचे दिवस होते. शेतांत बायका रांगेने वाकलेल्या दिसत होत्या.

कोरपन्याला आलूबोंडा आणि चहा घेऊन घाटासाठी शेअर ऑटो पकडला. माणशी चाळीस रुपये. ऑटोवाले भाऊ आरशातून आफीकडं पाहत होते. शेवटी विचारलंच.

“या मॅडम कुठच्या व्हय?”

“घाना,” मी म्हटलं.

“हैद्राबादच्या पलीकडं का?”

“हाव,” आफीच म्हणाली. “बरंच पलीकडं.”

तिला अस्सल भाषेत बोलताना ऐकून भाऊंनी गाडीच थांबवली. मागं वळून तिला नीट पाहिलं, हसले आणि आम्ही उतरलो तेव्हा माझेच पैसे घेतले, तिचे घेतले नाहीत. माझा काय गुन्हा होता कोण जाणे.

घाट म्हणजे पंचवीस-तीस घरं, अंगणात वाळत घातलेली जाळी आणि खाली नदी. थंडीत पाणी कमी असतं. अंगणात हिरव्या नेटचा मांडव होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मंगेशची चुलतबहीण प्रियंका चंद्रपूरला दवाखान्यात नर्स आहे. मुलगा पलीकडच्या काठाचा, वणीकडं कोळशाच्या खाणीत कामाला. पाहुण्यांची पिकअप पुलावरून फेरा मारून आली. मुलाचे वडील मात्र डोंग्यातून नदी ओलांडून आले. तसंच यायचं असतं, असं मंगेशने सांगितलं. पँटच्या घड्या वर सरकवून ते चिखलातून चढले, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग भागाबाई आल्या. या मंगेशच्या मोठ्या आजी, वय विचारलं तर ‘नव्वदीच्या अलीकडं’. हातात पितळेची डबी. मांडवात मधोमध सूप ठेवलं होतं, त्यात तांदूळ आणि हळकुंड. भागाबाईंनी डबीतून एकेक करत सात नाणी काढून सुपात मांडली. चांदीची, चारमिनारची, बोटं लागून गुळगुळीत झालेली. मुलाच्या वडिलांनी खिशातून आजची साधी एकेक रुपयाची सहा नाणी काढली आणि शेजारी मांडली.

“सात हाली,” भागाबाई म्हणाल्या.

“सहा कलदार,” मुलाचे वडील म्हणाले.

“भाव बरोबर?”

“बरोबर!” दोन्हीकडची माणसं एकदम ओरडली आणि हळद लावायला सुरुवात झाली.

गोड आहे, असं मी मनात नोंदवलं आणि फोटो काढला. गर्दी जेवायला वळली. जेवणात मासळीचा रस्सा, भात आणि बुंदी होती. पाहुणे म्हणून गेलात तर बुंदी रश्श्याच्या आधीच घ्यावी, नंतर उरत नाही. आफी जेवायला आली नाही. ती सुपाकडंच पाहत होती. भागाबाईंनी सात नाणी परत डबीत टाकली आणि ते सहा रुपये स्वतःच्या पदरात बांधले.

“मॅडम, यांनी बदलून घेतले,” आफी म्हणाली.

“अगं, विधी आहे तो.”

“नाई. आई असंच करते. आधी ठेवते, मग भाव बोलते, मग घेते.”

आणि ती सरळ जाऊन भागाबाईंच्या खाटेजवळ जमिनीवर बसली. तिने आपली आई काय करते ते सांगितलं. भागाबाईंनी ऐकलं, मान डोलावली, पानाचा तुकडा तोंडात टाकला.

“मंग तू आमच्यातलीच हायेस,” त्या म्हणाल्या. “माया बाप नाव चालवे. इकडचा कापूस पलीकडं वणीच्या बाजारात जाय, तिथी कलदार भेटे. पण शेतसारा भराचा निजामाले, तो हालीत. लोक नावेतच बदलून घेत. सातावर सहा. वर एक पैसा बापाचा.”

“मग हाली बंद झाला तेव्हा?” आफीने विचारलं. तिला हाच प्रश्न विचारायचा होता आणि त्याच्यासाठीच आम्ही एवढ्या लांब आलो होतो.

“नोटीस कचेरीत लागली व्हती म्हंते. कचेरीत कोण जाते, बाई? बाप घाटावर बसून राहे, तं लोकाईले वाटे, भाव चालू हाय. तारीख निघून गेली. तरी येऊन राह्यले. कोणाचे मटक्यातले, कोणाचे चुलीमांगचे. बापाले समजलं व्हतं तारीख गेली म्हणून. तरी त्यानं सगळ्याईले देल्ले. सातावर सहा.”

“काऊन?” आफीचा आवाज चढला.

“माय बी हेच इचारे. बाप म्हणे, हा भाव लोकाईनं सरकारच्या तोंडचा नाई ऐकला, माया तोंडचा ऐकला. मी कसा फिरू?” भागाबाईंनी पान चावलं. “नाव इकली त्याच्यात. चांदीचे सोनारानं घेतले, गाळून टाकले. हे सात मायनं दडवले म्हणून राह्यले. कागद अन् चिल्लर कोण घेईन?”

कागद त्यांनी आम्हाला दाखवले. खाटेखालची पत्र्याची पेटी उघडली, तर झाकणाला आतून निजामाच्या नोटा खळीने चिकटवलेल्या होत्या, ओळीने. अशा नोटांना आज हौशी लोक बरे पैसे देतात, असं मी शहाणपणाने सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, पेटी गंजली असती, कागदानं वाचली.

पुढची हकिगत त्यांनी जशी सांगितली तशी देते. बापाने दुसऱ्याचं जाळं घेऊन मासे धरायला सुरुवात केली. भागाबाईंचं लग्न ठरलं पलीकडच्या काठावर. साखरपुड्याला बापाकडं द्यायला काही नव्हतं, म्हणून त्याने ते सात मेलेले हाली सुपात ठेवले आणि मान खाली घातली. होणारे सासरे या काठावर मासे विकायचे. तारीख गेल्यावरही त्यांचे हाली बापाने बदलून दिले होते. त्यांनी शेजारी सहा कलदार मांडले आणि मोठ्याने विचारलं, भाव बरोबर? आपला मुलगाही घरजावई म्हणून याच काठावर पाठवला. तेव्हापासून दोन काठांत सोयरीक झाली की सात-सहा होतं. सहा रुपये भागाबाईंच्या घरी येतात.

“भीक नोको समजू,” त्यांनी आफीला बजावलं. “व्यवहार व्हय. सात दाखोतो, सहा घेतो.”

“मग सात परत डबीत काऊन?”

“पुढच्या लग्नाले काय लागन?” भागाबाई हसल्या. त्यांना चार दात आहेत आणि चारही दिसले.

“तुमाले राग नाई येत?”

“कोणावर? पैसा एक झाला ते बेसच झालं. माया नातू हैद्राबादले जाते, खिशातली नोट तिथी चालते, बट्टा नाई लागत. राग एकाच गोष्टीचा. घाटावर बसणाऱ्याले तारीख कोणी सांगतली नाई. त्यालेच पयले सांगाले पायजे व्हतं. लोक तं त्याच्याकडंच येत.”

मी पंचवीस वर्षं चलनाचं अर्थशास्त्र शिकवते. विलीनीकरणाचे फायदे, तोटे, अटी असं सगळं फळ्यावर लिहिते. घाटावर बसणाऱ्या माणसाला तारीख सांगावी, ही अट माझ्या फळ्यावर कधी आलेली नाही.

निघताना भागाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि सहातला एक रुपया आफीच्या हातावर ठेवला. “तुया मायले दे. म्हणा, घाटावरच्या बाईनं देल्ला. अन् ती याचा काय भाव देते, ते मले कळवजो.”

तिसरा दिवस : सावली आणि वैनगंगा

रात्री पुन्हा ऊर्जानगरला मुक्काम केला. परतीला सरळ नागपूर गाठता आलं असतं, पण आलोच आहोत तर गडचिरोलीपर्यंत जाऊन यावं म्हणून मूलमार्गे सावलीची गाडी धरली. इथून भाताचा पट्टा सुरू होतो. धान कापून झालं होतं, बांध्यांमधून पेंढ्या रचलेल्या आणि तलावांवर बगळे. सावलीच्या बसस्थानकासमोर गरम भजी मिळतात. इथला तांदूळ विकत घ्यायचा असेल तर दुकानात न घेता एखाद्या घरी विचारावा, लोक देतात. या बाजूला हाली कधी चाललाच नाही. इंग्रजांचाच रुपया होता. भजीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, “हाली? ते गाडीचं नाव व्हय का?”

व्याहाडच्या पुढं वैनगंगेच्या पुलाजवळ उतरलो. दुपारचे बारा वाजले होते, म्हणजे तिकडं सकाळचे साडेसहा. आफीची आई त्या वेळी सीमेवर जायला निघते. आफी काठाच्या दगडावर बसली आणि तिने फोन लावला. बोलणं त्यांच्या भाषेत झालं. मी थोडी लांब उभी राहून पाण्यात जाळं फेकणाऱ्या माणसाकडं पाहत होते. मधेच आफी हसली. फोन ठेवून ती माझ्याकडं आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

“मी कधी विचारलंच नव्हतं,” ती म्हणाली. “आज विचारलं, इको आला तर तू काय करशील?”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, येऊ दे. मी बसलेली असेन. माझ्याकडं येणारी शेवटची बाई येईपर्यंत बसेन. भाव फिरवणार नाही.” आफीने श्वास घेतला. “मॅडम, ती पण तेच करेल. मी तिला त्या नाववाल्याची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, बरोबर केलं त्याने. आणि मग मलाच विचारते, शेवटचा दिवस कोणता, हे मला कोण सांगणार?”

मला भीती वाटली, हे इथं सरळ लिहिते. आफीच्या आईला मी कधी पाहिलेलं नाही. तरी ती स्टुलावर बसून मेलेल्या नोटा घेताना मला दिसली.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी, ती माझ्याबद्दलची आहे. दोन वर्षांपूर्वी आफीच्या दुसऱ्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात एक पान होतं. सीमेवर पैसे बदलणाऱ्या बायकांबद्दल. त्या कुठं बसतात, कोणाचा त्यांच्यावर का विश्वास आहे, बँकेत न जाता लोक त्यांच्याकडं का येतात. मी त्या पानावर लाल रेघ मारून समासात ‘विषयांतर’ असं लिहिलं होतं. आफीने ते निमूट काढून टाकलं. वैनगंगेच्या काठावर तिने त्याची आठवण काढली नाही. मला मात्र ती झाली आणि गडचिरोलीला पोचल्यावरही तेच पान डोळ्यांसमोर होतं. गडचिरोलीत काय पाहिलं हे त्यामुळं नीट सांगता येणार नाही. चहा चांगला होता.

परत नागपुरात

सहल तीन दिवसांची, खर्च दोघींचा मिळून साडेतीन हजारांच्या आत. नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस उत्तम. उन्हाळ्यात चंद्रपूरला जाऊ नये, जायचंच असेल तर मला दोष देऊ नये.

सहावं प्रकरण नवव्या दिवशी माझ्या टेबलावर आलं. शिफारस तीच आहे, एकच पैसा असावा. आफीने त्यात माघार घेतलेली नाही. पण त्या शिफारशीच्या आधी सात पानं नवीन आहेत. सीमेवर बसणाऱ्यांना सगळ्यांत आधी सांगावं, बदलून देण्याचं काम अधिकृतपणे त्यांच्याच हाती द्यावं, आणि तारीख उलटल्यावरही त्यांनी घेतलेला पैसा बँकेने पूर्ण भावाने घ्यावा. प्रकरणाचं पहिलं वाक्य आहे : ‘शेवटचा दिवस कोणता, हे मला कोण सांगणार?’ तळटिपेत स्रोत दिलाय, आईचं नाव, व्यवसाय चलन बदलणे, मुलाखत दूरध्वनीवर, वैनगंगेच्या काठावरून. मी लाल पेनाचं टोपण काढलंच नाही. कपाटातून तो जुना मसुदा शोधला, ते रेघ मारलेलं पान काढलं आणि आफीला परत दिलं. ती म्हणाली, परिशिष्टात घालते.

त्याच आठवड्यात तिच्या आईचा निरोप आला. भागाबाईंच्या रुपयाचा फोटो तिने पाहिला होता. तिच्याकडं असं नाणं आजवर कधी आलेलं नव्हतं, पण तिने दोन शेजारणींना विचारून भाव काढला : एका रुपयाला सात सेफा.

मी मंगेशला फोन केला. त्याने तो भागाबाईंच्या कानाला लावला. मी भाव सांगितला.

“सात? मंग बरोबर हाय. बाई जाणकार दिसते.” मग लगेच विचारलं, “अन् तिले तारीख कोण सांगन?”

“आफी सांगेल. महिन्याभरात ती घरी चालली आहे.”

“ते तं सांगनच, लेक व्हय तिची. पण मास्तरीन तू हायेस. तू बी कळवजो.”

मी हो म्हटलं.